आणि त्याची पत्नी

मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन माणसाने "तुम्ही काय करता?" असं मला विचारलं, की माझे यजमान घाईघाईने उत्तर द्यायचे, "ती स्टोन कॉन्झर्व्हेशनमध्ये आहे." ऐकणाऱ्याला ते आयटीतलं काहीतरी वाटायचं आणि विषय संपायचा. सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला सांगायच्या, "आमची शुभदा शिल्पकार आहे हो." मुंबईत शिल्पकलेची पदविका घेतली होती, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी विनिपेगमध्ये पंचवीसेक वर्षं थडगी दुरुस्त केली.

सासूबाई उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला यायच्या. त्यांचा एकच नियम होता. कामावरून आल्यावर आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर. त्यामुळे मी बाजूच्या दाराने सरळ बेसमेंटमध्ये उतरायची, तिथल्या वॉशरूममध्ये अंघोळ करायची आणि मगच वर यायची. याबाबत मी कधी वाद घातला नाही. चुनखडीची धूळ केसात जाऊन बसली की विटाळ मानणारीला काय आणि न मानणारीला काय, अंघोळ लागतेच.

आमच्या कारखान्यात दोन प्रकारचं काम असे. एक नव्या ग्रॅनाइटच्या दगडांचं. त्यावर रबराचा साचा चिकटवायचा, वाळूचा फवारा मारायचा, की अक्षरं तयार. दुसरं काम जुन्या दगडांचं, ते माझं. इथला जुना दगड म्हणजे फिक्या लोण्याच्या रंगाची चुनखडी. त्यात तपकिरी फांद्यांसारखी नक्षी असते आणि नीट पाहिलं तर शंखशिंपल्यांचे जीवाश्म दिसतात. कारण कधीकाळी इथे समुद्र होता. हा दगड कापायला प्रेमळ, पण थंडीला भितो. भेगेत पाणी शिरतं, हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दरवर्षी थोडा थोडा. थंडीच्या खालोखाल आम्ही घाबरायचो ते प्रेमळ नातेवाइकांना. वडिलांचा दगड स्वच्छ व्हावा म्हणून प्रेशर वॉशर आणि ब्लीच घेऊन ते यायचे आणि शंभर वर्षं टिकलेली अक्षरं एका दुपारी धुऊन टाकायचे. दगडावर वाढतं ते दगडफूल, आपण काळ्या मसाल्यात घालतो तेच. ते काढायला पाणी, मऊ ब्रश आणि संयम एवढंच लागतं. त्यातलं शेवटचं कुणाकडे नसतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. स्टीफन नावाचा एक युक्रेनियन शेतकरी होता. त्याने स्वतःचा दगड आधीच करून घेतला होता. नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. दर वसंतात तो यायचा आणि म्हणायचा, "माझा दगड धुऊन द्या. मी अजून वापरला नाही म्हणून काय तो घाण राहू द्यायचा?" पुढे ती मोकळी जागा मीच भरली. या धंद्यात गिऱ्हाईक कायमचं आपलं होतं ते असं.

पण सांगायचं आहे ते माझ्या शेवटच्या मोठ्या कामाबद्दल. दोन हजार सोळा-सतराच्या आसपासची गोष्ट. विनिपेगच्या उत्तरेला, नदीच्या काठावर एक जुनं अँग्लिकन चर्च आहे. इंग्लंडमधल्या खेड्यात असतं तसंच, ठेंगणं, दगडी, भोवती दफनभूमी. ज्यांनी बांधलं त्यांनी तिकडची आठवण ठेवूनच बांधलं होतं. तिथलं एक थडगं कलल्याचं पत्र आमच्या मालकांना आलं आणि त्यांनी मला पाठवलं.

दारात हॅरल्ड उभे होते. चर्चचे व्यवस्थापक. आयुष्यभर धान्याच्या कोठारावर नोकरी केलेला उंच, वाकलेला माणूस. त्यांची बायको त्याच दफनभूमीत होती. मला थडग्याकडे नेताना ते तिच्या दगडापाशी क्षणभर थांबले, टोपीला हात लावला आणि पुढे निघाले.

थडगं पाहून मी खाली बसले. असं काम मी इथल्या कुठल्याच दफनभूमीत पाहिलं नव्हतं. मोठ्या दगडी पेटीसारखं ते होतं. चार बाजूंना कोरीव फळ्या, वर जाड झाकण. एका फळीवर गव्हाची पेंढी, एकीवर जहाजाचा नांगर, एकीवर देठ मोडलेला गुलाब. गुलाबाची पाकळी न् पाकळी उलटी वळवून कोरलेली. कुणा पाथरवटाने हे थंडीत, शेकोटीजवळ हात शेकत केलं असणार. झाकणावर मजकूर होता. समुद्रापलीकडच्या ऑर्कनी बेटांवरून आलेल्या अलेक्झांडर नावाच्या फर व्यापाऱ्याच्या स्मृतीस. त्याच्या खाली, 'आणि त्याची पत्नी'. त्याच्या खाली मुलांची नावं. एक मूल जन्मल्यावर काही दिवसच जगलं होतं. त्याचंही नाव होतं.

पत्नीचं नव्हतं. 'आणि त्याची पत्नी' या शब्दांपुढे दगड कोरा होता. ओळ मध्यभागी घेतलेली नव्हती, डावीकडून सुरू करून उजवीकडे जागा सोडलेली होती. अक्षरं कोरणारा माणूस अशी जागा उगाच सोडत नाही. नाव मागून कळवतो असं त्याला कुणीतरी म्हणालं असावं आणि कुणी कळवलं नसावं.

"जुनी दप्तरं एका आगीत गेली," हॅरल्ड म्हणाले. "तिचं नाव कुणालाच माहीत नाही."

दुरुस्ती करायची तर थडगं सगळं सुटं करावं लागणार होतं. फळ्या एकमेकींना आतून लोखंडी कांबींनी जोडलेल्या होत्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फाडतं. शिवाय मध्ये कधीतरी कुणीतरी भेगांत सिमेंट भरून ठेवलं होतं. सिमेंट या दगडाला सोसत नाही, ते पाणी आत कोंडून ठेवतं. ते सगळं काढून न गंजणाऱ्या स्टीलच्या कांबी घालायच्या, सांधे चुन्याने भरायचे, खाली नवा पाया द्यायचा, असं काम होतं.

झाकण उचलायच्या दिवशी सकाळी एक जुना पिकअप ट्रक पार्किंग लॉटमध्ये येऊन उभा राहिला. त्यातून एक म्हातारी उतरली, घडीची खुर्ची घेऊन. जाडसर, पांढरी वेणी, गुडघ्यांनी अधू. खुर्ची थडग्यापासून थोड्या अंतरावर मांडून ती बसली.

"मी डोरीन," ती म्हणाली. "इथे जवळच, सेल्कर्कला असते. स्कूलबस चालवायची. यातली बाई माझी आजी आहे. पणजीची आई की तिच्याही आधीची, ते मला मोजता येत नाही. तुम्ही उघडताय, असं ऐकलं."

डोरीन मेटी होती. फर व्यापारी आणि इथल्या मूळच्या बायका यांच्या वंशातल्या लोकांना मेटी म्हणतात. साखळीने झाकण वर जाऊ लागलं तसा तिचा चेहरा उतरला. मला कारण कळलं. सगळ्यांनाच वाटतं की प्रेत त्या पेटीत असतं. मी तिला हात धरून जवळ नेलं. आत वाळलेली पानं होती आणि उंदराचं घरटं.

"मग ती कुठंय?"

"खाली, जमिनीत. पेटी रिकामीच असते. नुसती खूण."

तिने वाकून आत पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं. मला वाटायचं, तिला थंडी वाजत असेल."

त्यानंतर ती येतच राहिली. मी सांध्यातलं सिमेंट छिन्नीने काढत असायची, ती थर्मासमधला चहा पीत बसायची. एकदा मी म्हणाले, नाव नाही म्हणून वाईट वाटतं. ती म्हणाली, "नाव आहे की. इथे नाहीये एवढंच."

आणि तिने ते सांगितलं. वापन. क्री भाषेत त्याचा अर्थ पहाट, असं तिची आजी सांगायची. आजीला तिच्या आजीने सांगितलेलं. घरात ते कधी कुणी लिहिलं नव्हतं, तोंडातोंडीच आलं होतं. मी म्हणाले, "आमच्याकडे उषा म्हणतात, तेच."

"उषा," तिने म्हणून पाहिलं. "तुझं नाव उषा आहे का?"

"शुभदा. ते सासरचं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायचे. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो."

"आधीचं काय होतं?"

मी सांगायला गेले आणि मध्येच अडखळले. त्या नावाने मला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई गेली, तिच्याबरोबर ते गेलं. "निर्मला," मी म्हणाले. तिने मान हलवली. नंतर कधी तिने मला त्या नावाने हाक मारली नाही, त्याचं मला बरंच वाटलं. नाहीतर मी रडले असते.

काही दिवसांनी तिने खरं काय हवं ते सांगितलं. "ती जागा रिकामी आहे. तू अक्षरं कोरतेस. कोर ना."

मला याची कल्पना होती, उत्तरही तयार होतं. आमच्या धंद्याचा पहिला नियम, मूळ दगडावर आपली छिन्नी चालवायची नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी तो दगड आतून पोकळ झाला होता. बोटाच्या पेराने टकटक केली तर डबा वाजल्यासारखा आवाज यायचा. मी तिचा हात धरून तिलाच टकटक करायला लावली.

"पहिल्या घावाला हा पापुद्रा सुटेल," मी म्हणाले. "नाव तर येणार नाहीच, 'पत्नी'सुद्धा जाईल."

"मग?"

"वेगळा दगड करू या. याच खाणीतला, छोटा. थडग्याच्या पायाशी, जमिनीत बसवलेला."

डोरीनने खुर्ची मिटली. "म्हणजे परत बाहेरच," ती म्हणाली आणि ट्रककडे निघाली.

पुढचे काही आठवडे ती आली नाही. थडगं पुन्हा उभं राहिलं. झाकण बसवताना हॅरल्ड आले, ते सपाट बसलंय का हे पाणसळ ठेवून पाहिलं, समाधानाने हसले. मी त्यांना डोरीनचं सांगितलं. त्यांचं हसू मावळलं.

"शुभदा, मला ती बाई आवडते. पण दगडावर लिहिलं की ते खरं ठरतं. कायमचं. लेखी पुरावा काही आहे का?"

"नाव बोलण्यातून आलंय."

"मग चर्चच्या समितीपुढे ठेवावं लागेल."

समितीत म्हातारी मंडळी होती. त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, पुढच्या बैठकीला बर्फ पडला, त्यानंतरच्या बैठकीला चर्चच्या छताचा प्रश्न आला. हॅरल्ड दुष्ट नव्हते. आपल्या हातून खोटी गोष्ट दगडावर जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. मलाही दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तसंच वाटलं असतं. पण ते पुरावा म्हणायचे तेव्हा मला डोरीनचा चहाचा थर्मास दिसायचा आणि राग यायचा.

हिवाळ्यात एकदा डोरीनचा फोन आला. तिची मूत्रपिंडं गेली होती, डायलिसिससाठी ती विनिपेगला यायची. "छोटा दगड चालेल," ती म्हणाली. "बाहेर तर बाहेर. पण इंग्रजी अक्षरांत नको. आमच्या."

क्री भाषेला स्वतःची लिपी आहे. त्रिकोण, कोन, कमानी. चिन्ह ज्या दिशेला वळवावं तसा त्याचा स्वर बदलतो. मी विचारलं, "तुम्हाला येते ती वाचता?"

"नाही. आजीला यायची. मला शाळेत इंग्रजीच शिकवलं." मग ती म्हणाली, "ज्यांना वाचता येत नाही त्यांना विचारावं तरी लागेल, हे काय लिहिलंय म्हणून."

ती भाषा शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंकडून मी ती चिन्हं तपासून घेतली. पण परवानगी नव्हती. तो वसंत गेला, उन्हाळा गेला. दोनदा मी डोरीनला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. ती खुर्चीत यंत्राला जोडलेली असायची, शेजारच्या पंजाबी बाईशी हातवाऱ्यांनी गप्पा मारत. तिची मुलगी रोंडा कॅल्गरीला असायची. "ती कामात असते," डोरीन म्हणायची.

पानं गळायला लागल्यावर हॅरल्ड स्वतः आमच्या कारखान्यात आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले. चर्च बंद करायचं ठरलं होतं. रविवारी प्रार्थनेला येणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी राहिली होती आणि छताला खर्च करायला कुणी तयार नव्हतं. दफनभूमी राहील, गवत कापायला कुणीतरी येईल, पण दार बंद होईल.

"समितीचं काय?" मी विचारलं.

"समितीत आता मी आणि मार्जरी. मार्जरी हो म्हणाली." त्यांनी टोपी गोल फिरवली. "इतके दिवस मी पुरावा मागत बसलो. आता मागणाराच उरणार नाही."

तो दगड मी हिवाळ्यात कोरला. फवारा नाही, साचा नाही. छिन्नी आणि लाकडी हातोडा. खोल, दोन्ही बाजूंनी उतरती खाच, जशी जुन्या झाकणावर होती. अक्षरं कमी, त्यामुळे चुकायला जागाच नव्हती. दगडात एक शंख मध्येच आला होता, त्याला वाचवून वरचं चिन्ह थोडं सरकवलं. चांगलं काम झालं. आपल्या कामाला चांगलं म्हणायची मला सवय नाही, पण ते झालं होतं.

फोनमधला फोटो मी डोरीनला दाखवायला गेले. तेव्हा ती खाटेवर होती. तिने फोन डोळ्यांजवळ धरला.

"छोटा आहे," ती म्हणाली.

"जमिनीत बसवायचा म्हणून."

"ती पण छोटीच होती म्हणतात." मग ती नाव म्हणाली, चित्रावर बोट ठेवून, अगदी हळू. 'वा' लांब, 'पन' जवळजवळ श्वासातच. मला पण म्हणायला लावलं. मी म्हटल्यावर मान हलवली, तिच्या बसमधल्या मुलांना शाबासकी देत असेल तशी.

फेब्रुवारीत ती गेली. जमीन लोखंडासारखी गोठलेली होती आणि दगड बसवायला अजून दोन-तीन महिने थांबावं लागणार होतं. तिला नदीपलीकडे, नवऱ्याशेजारी, यंत्राने जमीन फोडून पुरलं. मी गेले होते, पण बर्फाच्या वादळामुळे फार कुणी आलं नाही. रोंडाशी ओळख झाली ती तिथेच. पन्नाशीची, थकलेली बाई. हातात सारखा फोन.

बर्फ वितळल्यावर, चर्चच्या शेवटच्या प्रार्थनेच्या आदल्या आठवड्यात, मी आणि आमच्या कारखान्यातले दोघे जण जाऊन दगड बसवून आलो. शेवटच्या प्रार्थनेला मी साडी नेसून गेले. का, ते मला सांगता येणार नाही. बिशपकडून आलेल्या माणसाने चर्च बंद केल्याचा मजकूर वाचला. वेदीवरच्या मेणबत्त्या विझवल्या, कापडं घडी करून पेटीत भरली. हॅरल्ड शेवटच्या बाकावर बसले होते. सगळे बाहेर आल्यावर त्यांनीच दार लावलं. किल्ली बिशपच्या माणसाला दिली आणि ते सरळ आपल्या बायकोच्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही.

रोंडा आली होती. कॅल्गरीहून गाडी चालवत. आईच्या घराचं काही आवरायला आली होती, म्हणून इथे डोकावली, असं ती म्हणाली. मी तिला थडग्याकडे नेलं. ओल्या मातीत तो छोटा दगड होता. तिने खाली वाकून पाहिलं.

"हे काय लिहिलंय?"

"वापन."

"वॅपन?"

"नाही. वा लांब. वापन."

ती तशीच वाकून राहिली. "आई सांगायची," ती म्हणाली. "ट्रकमधून कुठे जाताना नेहमी सांगायची. मी कानात हेडफोन घालून बसायचे. मला वाटायचं, म्हातारी परत सुरू झाली." तिने पुन्हा म्हणून पाहिलं. जमलं नाही. नदीवरून वारा येत होता, बर्फाचे तुकडे अजून पाण्यात होते. "माझ्या घरी कुणालाच येत नाही हे. मामा गेले. मावशी गेली. आता तुम्हालाच येतंय."

मी सांगलीची बाई. ते नाव मी एका खाटेवरच्या बाईकडून म्हणायला शिकलेलं, तेवढंच. माझा उच्चार बरोबर आहे की नाही, हे सांगायला आता कुणी नव्हतं. तसं मी तिला सांगितलंही.

तिने ऐकून घेतलं. मग फोन काढला, त्यावर काहीतरी दाबलं आणि तो माझ्या तोंडासमोर धरला.

"यात म्हणाल का?"

मी म्हटलं. वारा फार होता, म्हणून तिने फोन ओंजळीत धरला आणि मला परत एकदा म्हणायला सांगितलं.